चित्रामागचे शब्द : छायाचित्रांसाठी पर्यायी मजकूर कसा लिहावा?

सिडनी येथे २००० साली भरणाऱ्या ऑलिम्पिक स्पर्धांच्या उद्घाटनाला तीन आठवडे उरले असताना, २४ ऑगस्ट रोजी, ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क व समान संधी आयोगाने एक निकाल दिला. ब्रूस मॅग्वायर या अंध नागरिकाने स्पर्धेच्या अधिकृत संकेतस्थळाविरुद्ध आदल्या वर्षी तक्रार नोंदविली होती. संगणकावरील मजकूर ब्रेलमध्ये उमटविणाऱ्या उपकरणावर ते बोटांनी वाचत असत. परंतु या संकेतस्थळावरील अनेक चित्रांमागे शब्दच नसल्याने त्यांच्या बोटांखाली काही येत नव्हते. डोळस वाचक चित्रावर टिचकी मारून पुढच्या पानावर जात असे. मॅग्वायर मात्र दारातच अडत होते. संकेतस्थळ सुधारण्यासाठी आयोगाने उद्घाटनाच्या दिवसापर्यंत, म्हणजे १५ सप्टेंबरपर्यंत मुदत दिली. ती पूर्णतः पाळली गेली नाही आणि आयोजन समितीला २० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई देण्याचा आदेश झाला.

मॅग्वायर यांची पहिली मागणी होती ती प्रत्येक चित्राला पर्यायी मजकूर देण्याची. संगणकाच्या परिभाषेत याला ‘ऑल्ट टेक्स्ट’ म्हणतात. पानाच्या सांकेतिक लिपीत चित्रासोबत लिहिलेली ही ओळ एरवी पडद्यावर दिसत नाही. चित्र उतरले नाही तर त्या जागी ती दिसते, अंध वाचकाचा स्क्रीन रीडर ती मोठ्याने वाचतो आणि शोधयंत्र तिची नोंद घेते.

आज या ओळीची चर्चा होते ती बहुतेक वेळा शेवटच्या कारणासाठी. आपले छायाचित्र गूगलसारख्या शोधयंत्रात वर यावे असे वाटणारा प्रत्येक संकेतस्थळचालक कधी ना कधी ऑल्ट टेक्स्टपाशी येऊन पोहोचतो. त्यात गैर काही नाही. ओळ न पाहणाऱ्या माणसासाठी लिहिली तर ती शोधयंत्रालाही उपयोगी पडते. केवळ शोधयंत्रासाठी लिहिली तर बहुधा दोघांच्याही कामाची राहत नाही.

एका ओळीचा इतिहास

महाजालाच्या सुरुवातीच्या काळात पाने मुख्यतः अक्षरांची असत. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९९३ मध्ये तयार झालेल्या ‘मोझॅक’ या ब्राउझरने मजकुराच्या मधोमध चित्र दाखविण्याची सोय लोकप्रिय केली. टेलिफोनच्या तारेवरून चित्र उतरण्यास त्या वेळी बराच वेळ लागे, आणि ‘लिंक्स’सारखे ब्राउझर तर पानात चित्र दाखवीतच नसत. चित्राच्या जागी काय वाचावे हे सांगण्याची सोय त्यातून आली. नोव्हेंबर १९९५ मधील एचटीएमएलच्या दुसऱ्या आवृत्तीत ही ओळ ऐच्छिक होती. डिसेंबर १९९७ च्या चौथ्या आवृत्तीने ती अनिवार्य केली. मे १९९९ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे प्रथम प्रसिद्ध केली, तेव्हा चित्राला शब्दांचा पर्याय द्यावा, हेच पहिले तत्त्व होते.

गूगलने जुलै २००१ मध्ये चित्रशोधाची सेवा सुरू केली. चित्रात काय आहे हे ओळखणे त्या वेळच्या संगणकाला जवळजवळ अशक्य होते. त्यामुळे चित्राभोवतीचा मजकूर हाच त्याचा मुख्य आधार होता. ही उणीव किती मोठी होती, हे २००६ मध्ये गूगलने आणलेल्या ‘इमेज लेबलर’ या खेळावरून कळते. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन व्यक्तींना एकच चित्र दाखविले जाई आणि दोघांनी लिहिलेला शब्द जुळला की तो त्या चित्राचे वर्णन म्हणून घेतला जाई. चित्रांना नावे देण्याचे काम लोकांकडून खेळता खेळता करून घेण्याची ही युक्ती २०११ पर्यंत चालली.

आता परिस्थिती पालटली आहे. चित्रातील वस्तू, चेहरे, प्रसिद्ध वास्तू यंत्रे स्वतःच ओळखू लागली आहेत. फेसबुकने २०१६ मध्ये चित्रांची स्वयंचलित वर्णने सुरू केली. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी अलीकडची साधने सबंध वाक्ये लिहून देतात. मग माणसाने ही ओळ लिहिण्याची गरज काय, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. गूगलच्या मार्गदर्शनात याचे उत्तर आहे. यंत्राची दृष्टी, पानावरील मजकूर आणि पर्यायी मजकूर या तिन्हींच्या आधारे चित्राचा विषय ठरविला जातो, असे त्यात म्हटले आहे. चित्रात काय आहे हे यंत्र सांगू शकते. ते चित्र या पानावर कशासाठी आहे, हे मात्र पान रचणाऱ्यालाच ठाऊक असते.

एक छायाचित्र, दोन ओळी

मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे उदाहरण घेता येईल. समजा, पावसाळ्यातील एक छायाचित्र आहे. मागे टर्मिनसची भव्य दर्शनी बाजू आणि पुढे छत्र्या घेऊन ताटकळत उभे असलेले प्रवासी. या चित्राला ‘इमारत’ असा पर्यायी मजकूर दिला तर तो नसल्यातच जमा. ‘फोटो’ किंवा कॅमेऱ्याने दिलेला क्रमांक तसाच ठेवला तर त्याहून वाईट. स्क्रीन रीडर तो क्रमांक एकेक आकडा उच्चारून वाचण्याची शक्यता असते.

लोकल गाड्या खोळंबल्याच्या बातमीत हे छायाचित्र असेल तर ओळ अशी लिहिता येईल : ‘मुसळधार पावसात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर छत्र्या घेऊन थांबलेले प्रवासी’. येथे वास्तूचे शिल्प सांगण्याचे कारण नाही. तेच छायाचित्र वास्तुकलेवरील लेखात आले तर प्रवासी दुय्यम ठरतात. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८८८ मध्ये पूर्ण झालेली ही वास्तू २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तेव्हा ‘छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची दर्शनी बाजू, मध्यभागी घुमट, प्रवेशद्वाराच्या खांबांवर सिंह आणि वाघ यांची शिल्पे’ अशी ओळ त्या लेखाला शोभेल. बांधकामाचे वर्ष आणि वास्तुरचनाकाराचे नाव ऑल्टमध्ये कोंबू नये. ही माहिती सर्वांनाच हवी असते, म्हणून तिची जागा लेखात किंवा चित्राखालच्या ओळीत आहे. छायाचित्रकाराचे नावही तेथेच.

शोधाच्या दृष्टीने याच वास्तूची आणखी एक अडचण आहे. व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव १९९६ मध्ये बदलून छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ या शब्दाची भर पडली. लोकांच्या तोंडी व्हीटी, सीएसटी आणि सीएसएमटी ही तिन्ही नावे आहेत, आणि शोधणारा यांपैकी कोणतेही लिहू शकतो. मोह होतो तो येथे. ‘सीएसएमटी सीएसटी व्हीटी मुंबई स्थानक फोटो मुंबई पर्यटन स्वस्त हॉटेल’ अशा ओळी संकेतस्थळांवर नवलाईच्या नाहीत. ज्याला हे कानांनी ऐकावे लागते त्याची कल्पना करावी. शोधयंत्रेही अशा शब्दांच्या भरण्याला फसवणुकीचा प्रकार मानतात आणि गूगलने त्याविरुद्ध स्पष्ट ताकीद दिली आहे. जुनी नावे लेखाच्या मजकुरात, वाक्यात, एकदा आली की पुरे.

वर्णन किती लांब असावे, याविषयी १२५ अक्षरांची मर्यादा वारंवार सांगितली जाते. एचटीएमएलच्या नियमांत अशी कोणतीही मर्यादा नाही. साधारणतः एक वाक्य पुरते, क्वचित दोन लागतात. आकाशवाणीवर क्रिकेटचे धावते वर्णन ऐकलेल्या पिढीला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. समालोचक मैदानावरील प्रत्येक गवताचे पाते सांगत नाही. चेंडू कोठे गेला आणि क्षेत्ररक्षक कोठे आहे, एवढे सांगितले की श्रोत्याला सामना दिसतो. ‘चे छायाचित्र’ हे शब्दही बहुधा अनावश्यक असतात, कारण समोर चित्र आहे हे स्क्रीन रीडर आपणहून सांगतो. माध्यमालाच महत्त्व असेल तेव्हा गोष्ट वेगळी. राजा रविवर्मा यांच्या मुद्रणालयातून निघालेले छापील चित्र आणि त्यांचे मूळ तैलचित्र यांत फरक आहे, आणि तो ओळीत यायला हवा.

जेथे शब्द नकोत

प्रत्येक चित्राला वर्णन हवेच असे नाही. परिच्छेदांमधील नक्षी, कोपऱ्यातील वेलबुट्टी, केवळ शोभेची पार्श्वभूमी यांचे वर्णन ऐकून कोणालाच काही मिळत नाही. अशा वेळी ऑल्टची जागा ठेवावी, पण ती रिकामी सोडावी. रिकामी जागा म्हणजे ‘हे चित्र वगळा’ अशी सूचना. स्क्रीन रीडर ते गुपचूप ओलांडून पुढे जातो. जागाच ठेवली नाही तर चित्र महत्त्वाचे आहे की नाही हे त्याला कळत नाही आणि काही वेळा तो फाइलचे नाव वाचू लागतो. हा बारीक भेद अनेक अनुभवी मंडळींकडूनही निसटतो.

दुवा म्हणून वापरलेल्या चित्राचा न्याय निराळा. शोधासाठी भिंगाचे चिन्ह असते. तेथे ‘भिंग’ असे लिहिणे अचूक आहे, पण निरुपयोगी. ‘शोधा’ असे लिहावे. संस्थेच्या बोधचिन्हावर टिचकी मारल्यावर पहिले पान उघडत असेल तर संस्थेचे नाव आणि ‘मुखपृष्ठ’ हा शब्द हवा. शोधयंत्रही अशा चित्राचा पर्यायी मजकूर दुव्यावरील शब्दांप्रमाणे धरते. सिडनीच्या प्रकरणात खरी अडचण झाली होती ती याच प्रकारच्या चित्रांनी.

आलेख आणि नकाशे यांची ओळ लिहिणे सर्वांत कठीण. ‘अपंगत्वाची आकडेवारी दर्शविणारा आलेख’ एवढे लिहून अनेक जण थांबतात. आकडे मात्र चित्रातच अडकून राहतात. २०११ च्या जनगणनेचा आलेख असेल तर ‘जनगणना २०११ : चलनवलनाचे अपंगत्व ५४.३६ लाख, श्रवणाचे ५०.७१ लाख, दृष्टीचे ५०.३२ लाख व्यक्ती’ अशी ओळ देता येते. आकडे याहून अधिक असतील तर ओळीत निष्कर्ष सांगावा आणि संपूर्ण तक्ता पानावर अक्षरांत द्यावा. तक्ता शोधयंत्रालाही वाचता येतो, आणि डोळस वाचकालाही भ्रमणध्वनीच्या लहान पडद्यावर आलेखापेक्षा तो बरा पडतो.

चित्रात अडकलेली अक्षरे

मराठी संकेतस्थळांपुढे या बाबतीत जुनेच दुखणे आहे. २००० नंतरच्या काही वर्षांत, युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी, वाचकाच्या संगणकावर देवनागरी नीट उमटेल याची खात्री नसे. म्हणून मथळे आणि कधी कधी सबंध पान चित्र करून चढविले जाई. ते दिसे सुंदर, पण शोधात कधीच सापडत नसे. ती अडचण दूर झाली, सवय मात्र राहिली. पाणीकपातीची सूचना, परीक्षेचे वेळापत्रक, पुराचा इशारा, शासकीय परिपत्रक यांचे छायाचित्र काढून तेच पानावर लावण्याची पद्धत आजही रूढ आहे. धरणातून पाणी सोडण्याची वेळ चित्रात असेल आणि ऑल्टमध्ये ‘महत्त्वाची सूचना’ असेल, तर नदीकाठच्या अंध माणसाला सूचना निघाल्याचे कळते. पाणी केव्हा येणार हे कळत नाही. तीच सूचना नंतर शोधू पाहणाऱ्यालाही ती मिळण्याची शाश्वती नसते. चित्रातील अक्षरे ओळखण्याचे तंत्र सुधारले असले तरी अस्पष्ट शिक्के, तिरके कागद आणि जोडाक्षरे यांपुढे ते अजून चाचपडते. येथे लांब ऑल्ट हा उपायच नव्हे. सूचना अक्षरांत द्यावी आणि चित्र हवे तर सोबत ठेवावे.

ऐतिहासिक लेखांच्या बाबतीतही हेच खरे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजी राजे दुसरे यांच्या काळात, १८०३ मध्ये, कोरविलेला भोसले घराण्याचा मराठी शिलालेख प्रसिद्ध आहे. त्याच्या छायाचित्राला ‘बृहदीश्वर मंदिर, तंजावर येथील भोसले घराण्याचा मराठी शिलालेख, १८०३’ एवढी ओळ पुरे; त्यातील मजकूर देणे हे मुख्य लेखाचे काम आहे.

मराठीत लिहिताना

इंग्रजीसाठी लिहिलेले सल्ले मराठीला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. मराठीत विभक्ती लागताच शब्दाचे रूप पालटते. ‘पंढरपूर’ला प्रत्यय लागला की ‘पंढरपुरात’ होते. दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो आणि अक्षरशः जुळवून पाहणाऱ्या शोधाला त्यात ‘पंढरपूर’ सापडत नाही. मोठी शोधयंत्रे असे फरक पुष्कळ अंशी सांभाळून घेतात, संकेतस्थळांच्या अंतर्गत शोधसुविधा मात्र अनेकदा घेत नाहीत. त्यामुळे ठिकाणाचे, व्यक्तीचे नाव एकदा तरी मूळ रूपात यावे. वृत्तनिवेदनातील ‘पंढरपूर येथे’ ही जुनी शैली, जिची क्वचित थट्टाही होते, येथे अगदी सोयीची ठरते.

दुसरी अडचण अक्षरांची. इंग्रजी शब्दांतील ‘ॲ’ हे अक्षर दोन प्रकारे टंकित करता येते. एक म्हणजे त्याचा स्वतंत्र संकेत, जो युनिकोडमध्ये २००८ साली आला. दुसरा म्हणजे ‘अ’ लिहून त्यावर चंद्र देण्याची त्याआधीची रीत. ‘शेतकऱ्यांचा’ या शब्दातील ‘ऱ्य’चीही तीच कथा. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला ते वेगळे शब्द वाटू शकतात. एका संकेतस्थळावर सर्वांनी एकच रीत पाळावी, हा यावरील साधा उपाय. पानाची भाषा मराठी असल्याची खूणही सांकेतिक लिपीत द्यावी लागते. ती नसेल तर स्क्रीन रीडर दुसऱ्याच भाषेचा आवाज वापरू शकतो, आणि उत्तम लिहिलेली ओळही ऐकणाऱ्याला समजत नाही.

कायदा काय सांगतो

भारतात शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये आली आणि त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. पर्यायी मजकुराची अट त्यांत आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने माहिती व दळणवळण तंत्रज्ञान सुगम असावे अशी तरतूद केली. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात, सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपाचे ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत ठरविला आणि किमान निकष बंधनकारक करण्यास केंद्र सरकारला सांगितले. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. प्रत्यक्ष स्थिती याहून मागे आहे, आणि केवळ भारतातच नव्हे. ‘वेबएम’ ही अमेरिकी संस्था दरवर्षी जगातील दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठे तपासते. २०२४ च्या पाहणीत निम्म्याहून अधिक मुखपृष्ठांवर पर्यायी मजकूर नसलेली चित्रे आढळली.

तपासणी कशी करावी

ब्राउझरमध्ये चित्रे बंद ठेवून पान उघडणे ही सर्वांत सोपी तपासणी. चित्रांच्या जागी आलेल्या ओळींसह पान सलग वाचता आले तर काम झाले. विंडोज संगणकावर ‘एनव्हीडीए’ हा विनामूल्य स्क्रीन रीडर उतरवून घेता येतो. बहुतेक स्मार्टफोनमध्ये अशी सोय आधीपासूनच असते. शक्य असेल तेथे दृष्टिहीन वाचकाकडून पान तपासून घ्यावे, कारण डोळस व्यक्ती डोळे मिटून ऐकते तेव्हाही तिला चित्र आठवत असते.

हजारो जुनी छायाचित्रे असलेल्या संकेतस्थळांना सर्व काही एकदम सुधारणे जमत नाही. दुव्यांची चित्रे आणि सूचनांची चित्रे आधी घ्यावीत, मग अधिक वाचले जाणारे लेख. शोभेच्या चित्रांची जागा रिकामी करणे शेवटी. एक खबरदारी मात्र आवश्यक आहे. अनेक संपादन प्रणालींत पर्यायी मजकूर छायाचित्राबरोबर संग्रहात साठविला जातो आणि तेच छायाचित्र पुन्हा वापरले की जुनी ओळ आपोआप सोबत येते. पावसाच्या बातमीसाठी लिहिलेले छत्र्या घेतलेले प्रवासी अशा रीतीने वास्तुकलेच्या लेखात जाऊन उभे राहतात, आणि ओळ पडद्यावर दिसत नसल्याने संपादकाच्या ते लक्षातही येत नाही.